फडाचे पाणी

सह्याद्रीतून उतरणारी पांझरा साक्री, धुळे ओलांडून तापीला मिळते. उन्हाळ्यात गुरेढोरे सहज पार होतील एवढीच तिची धार असते. परंतु पावसाळ्यात तिचे रूप पालटते. १८७२ साली तिच्या पुराने धुळे शहराची मोठी हानी केली. २०१९ च्या ऑगस्टमध्येही धुळ्याचे पूल तिच्या पाण्याखाली गेले.

अशा लहरी नदीशी खानदेशच्या शेतकऱ्याने काही शतकांपूर्वीच जमवून घेतले. तिला बांधून टाकण्याचा हट्ट त्याने धरला नाही. त्याने पात्रात बुटके बंधारे घातले. पूर त्यांच्या माथ्यावरून निघून जाई आणि अडलेले पाणी पाटाने शेतात येई. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले असत. एका फडात एकच पीक. आणि प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत. पाणी अपुरे असले की एखादा फड कोरडा ठेवीत. त्यामुळे तूट एकाच्याच माथी न बसता सर्वांच्या वाट्याला येई.

पाणी वाटून घ्यायचे, तर कष्टही वाटून घेणे ओघानेच आले. पुराचा गाळ पाटाचे तोंड बुजवी, बंधाऱ्याचे दगड ढिले करी. मग शेतकरी कुदळ-फावडी घेऊन एकत्र येत. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या पिके राखी. त्यांना मोबदला म्हणून सर्वजण आपापल्या धान्यातून वाटा देत. एकाने अंग चोरले, तर पाटाच्या शेवटी असलेले शेत वाळे. अंग चोरणे म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातला घास ओढणेच होते.

पुढे मोठी धरणे झाली. दरवाजे उघडण्याचे काम अधिकाऱ्यांकडे गेले, आणि 'ते सरकारचे काम' असे म्हणण्याची सवय लोकांना जडली. जळगाव जिल्ह्यात तापीवर हतनूरचे धरण आहे. त्याचे ४१ दरवाजे उघडून पूर खाली सोडता येतो. परंतु वरच्या शिवारांतून वाहून येणारी माती धरणात साचत राहते. ती शेताच्या बांधावरच अडविली पाहिजे. ते काम कोणता अधिकारी एकट्याने करील?

धरण सरकार बांधते; पण त्याचे आयुष्य दूरवरच्या, ते कधीही न पाहिलेल्या शेतकऱ्याच्याही हाती असते. फडातल्या शेतकऱ्याला आपला शेजारी समोर दिसत होता. आजचा शेजारी खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तो दिसत नाही, एवढ्यानेच त्याचे शेजारपण संपत नाही.