अडखळण्याची जागा

एरर मेसेज सुधारायचे म्हटलं की पुष्कळजण आधी शब्द मऊ करायला घेतात. ‘कृपया’ वगैरे घालतात. मला त्यात फारसा रस नाही. आम्हा कंपायलर लिहिणाऱ्यांचं दुखणं जागेचं आहे. कंपायलर जिथे अडखळतो तिथेच चूक झालेली असेल, असं नसतं.

पायथॉनचंच घ्या. महिरपी कंस उघडला आणि बंद करायचा राहिला, तर जुन्या आवृत्त्या पुढच्या एखाद्या निर्दोष ओळीवर बोट ठेवून ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ म्हणायच्या. पार्सरच्या बाजूने ते बरोबरच होतं. कंस बंद व्हायच्या आत नवीन विधान आलंच कसं? शिकणारा मात्र त्या ओळीतला स्वल्पविराम न् स्वल्पविराम तपासत बसायचा. 2021 मध्ये आलेल्या 3.10 आवृत्तीपासून थेट तो उघडा कंसच दाखवतात: हा बंदच झाला नाही. त्यासाठी प्रत्येक कंस कुठे उघडला हे टोकनायझरला लक्षात ठेवावं लागतं. मेसेजचं सामान चूक व्हायच्या आधीपासून जमवत यावं लागतं, ते असं.

रस्टमध्ये एखाद्या मूल्याची मालकी दुसरीकडे गेली की जुन्या नावाने ते वापरता येत नाही. वापरलंच, तर कंपायलर दोन्ही जागा दाखवतो: मालकी इथे गेली आणि त्यानंतर तुम्ही इथे वापरलंत. यातली कोणती ओळ बदलायची, ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठाऊक. हा संयम मला फार आवडतो. कॉर्नेल विद्यापीठाचा पीएल/सी हा जुना कंपायलर चुका स्वतःच दुरुस्त करून प्रोग्रॅम पुढे रेटायचा. पंच-कार्डांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट पाहण्याच्या दिवसांत ते शहाणपणाचं होतं. आता निकाल लगेच समोर येतो, तर एवढी आगाऊ मदत कशाला?

नावातली चूक दिसली की जवळचं नाव सुचवावं, हे ठीक. किती अक्षरं बदलली की एकाचं दुसरं होतं, ते मोजायचं आणि फार बदल लागत असतील तर गप्प बसायचं. एकाक्षरी नावांपुढे मात्र हा नियम लुळा पडतो.

गप्प बसण्याचं खरं काम पुढे येतं. एका न सापडलेल्या नावापायी पन्नास तक्रारी उठू शकतात. म्हणून त्या नावाला ‘चूक’ नावाचाच एक टाइप देऊन टाकायचा. मग त्याची बेरीज करा, ते फंक्शनला द्या, कंपायलर हूं की चूं करत नाही. त्यात एखादी खरी चूकही झाकली जाते आणि पुढच्या खेपेला वर येते. मला तो सौदा परवडतो.