दहावीच्या पुस्तकात दडलेलं कॅल्क्युलस

कॅल्क्युलसची निम्मी वाट आपण दहावीतच चालून आलेले असतो, हे मला नुकतंच कळलंय आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय!

बारावी सायन्सनंतर मध्ये बरीच वर्षं गेली. घरचा टोमॅटो, द्राक्षं, पिंपळगाव बाजार समितीत गेलेल्या क्रेटचा हिशोब, एवढंच काय ते गणित हाताशी राहिलं. आता पिंपळगावातल्याच ‘मविप्र’ संस्थेच्या काकासाहेब वाघ महाविद्यालयात बी.एस्सी.ला प्रवेश घेतलाय आणि समोर कॅल्क्युलस उभं आहे. तास सुरू व्हायच्या आत उजळणी करायची म्हणून पुतणीकडून बालभारतीची नववी-दहावीची पुस्तकं मागून आणली, आणि काय सांगू!

गणित भाग २ मध्ये निर्देशक भूमितीचं प्रकरण आहे. त्यात रेषेचा चढ काढायला शिकवतात: वायमधला फरक भागिले एक्समधला फरक. शाळेत हे सूत्र पाठ करून आपण पुढं गेलो. आता तोच चढ एक्सच्या वर्गाच्या वळणदार आलेखावर काढून बघा. ३ चा वर्ग ९, ३.१ चा ९.६१. फरक ०.६१, त्याला ०.१ ने भागलं की चढ ६.१. आणखी जवळ या. ३.०१ घेतलं तर ६.०१, ३.००१ घेतलं तर ६.००१. सगळं ६ कडेच निघालंय!

का, ते नववीच्याही आधी शिकलेलं (अ + ब)² सांगतं. ३ च्या पुढचा छोटा फरक एच धरला, तर (३ + एच)² म्हणजे ९ + ६एच + एच². त्यातून ९ वजा करा, एचने भागा, उरलं ६ + एच. एच शून्याच्या जवळ जवळ नेत गेलं की उरतात ते ६. हाच डेरिव्हेटिव्ह! वहीच्या अर्ध्या पानात मावला, आणि लागलं काय, तर एक विस्तारसूत्र. मग अवयव पाडून पाहिले. एक्सचा वर्ग वजा ९, भागिले एक्स वजा ३. थेट ३ घातले तर शून्य भागिले शून्य, गाडी अडली. अवयव पाडले, वर-खाली सारखा कंस उडवला, उरलं एक्स अधिक ३, आणि उत्तर पुन्हा तेच ६! मी वही घेऊन अख्ख्या घरात फिरले.

मुंबई-आग्रा हायवेवर रोज हेच चालतं. पिंपळगाव ते नाशिक सुमारे ३० किलोमीटर, तासाभरात पोहोचलो तर सरासरी वेग ताशी ३०. पण ओझरजवळ त्या क्षणी काटा किती दाखवत होता? तो क्षणाचा वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह. आणि हा प्रश्न आपल्या मातीत फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला, त्यात ग्रहांच्या ‘तात्कालिक गती’चा विचार आहे. चंद्राची चाल क्षणाक्षणाला बदलते, दिवसभराच्या सरासरीवर भागत नाही, हे त्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी ओळखलं होतं. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. इथून मालेगावमार्गे जाता येतं. मी जाणारच आहे!

त्रिकोणमितीची नित्यसमानता, घातांकाचे नियम, छेदाचं परिमेयीकरण हे सगळं रोज थोडं थोडं चाललंय. माझं ठाम मत आहे की कॅल्क्युलस अवघड जातं ते बहुतेक वेळा कच्च्या बीजगणितामुळे, आणि बीजगणित पक्कं करता येतं, कोणत्याही वयात.

म्हणून यंदा प्रवेश घेतलेल्या सगळ्यांना आग्रहाने सांगते, जाडजूड गाइड नंतर घ्या. नववी-दहावीची ही पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात. आज रात्रीच नववीचं बहुपदीचं प्रकरण काढा आणि हाताने, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून, अवयव पाडायला बसा.