एके दिवशींची पहाट

नियमितपणा हा विद्यार्थ्याचा मोठा गुण होय, असें गुरुजन सांगतात व तें खोटें नाहीं. मीही रोज पहाटे पांच वाजतां उठून, प्रार्थना करून मेजाशीं बसत असें. परंतु गेल्या माघांत ‘प्रभातकाळ’ या विषयावर निबंध लिहावयाचा असतां चार दिवस अरुणोदय व दंवबिंदु यांपलीकडे लेखणी सरेना. तेही शब्द पुस्तकांतून उसने आणलेले!

पांचव्या दिवशीं वही मिटून मी शेताची वाट धरली. त्या आठवड्यांत विजेची पाळी रात्रीची होती. वडील घोटाभर चिखलांत उभे राहून कांद्याला पाणी देत होते. एक वाफा भरला कीं फावड्यानें पाणी दुसऱ्यांत वळवीत.

“इतक्या लवकर कां रे आलास?” त्यांनीं विचारिलें.

मला उत्तर देववेना. त्यांच्या हातची विजेरी घेऊन मी उजाडेपर्यंत उजेड धरिला. माझा दिवस सुरू होई, तेव्हां त्यांची रात्र सरलेली नसे, हें मला त्या दिवशीं कळलें.

त्या दिवशींची प्रार्थना बांधावरच झाली, व निबंध एका बैठकींत लिहून झाला.

मित्रहो, नेम सोडूं नये. परंतु एखादे दिवशीं तो बाजूस ठेवून, आपल्यासाठीं कोण जागत आहे, तें पाहून यावें.