त्वचेचे थर आणि एक विनंती

प्रिय मंजू,

एडमंटनच्या थंडीत हाताचे पापुद्रे निघतात तेव्हा काही वाटत नाही, पण भेग पडली की जीव जातो, असं का, हे तू विचारलंस. आमच्या जळीत वॉर्डातलं रोजचंच आहे हे, तेव्हा सविस्तर सांगते.

पापुद्रा मेलेलाच असतो गं. बाह्यत्वचेच्या तळाशी पेशी जन्मतात, वर सरकताना केराटिननं भरतात, मरतात आणि साधारण चार आठवड्यांत झडून जातात. तिथे रक्तवाहिनी एकही नाही. रक्त आलं म्हणजे भेग खाली अंतस्त्वचेत पोचली. अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन लाव. आणि रंग? तोही बाह्यत्वचेच्या तळाशीच. रंगपेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांत जवळपास सारख्याच असतात, फरक त्या किती रंग बनवतात याचा. एवढ्याशावरून आपल्याकडे स्थळं मोडतात, याचा मला फार राग येतो.

अंतस्त्वचेत कोलॅजन, नसा, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं असतात. मला या मुळांचं फार अप्रूप. भाजणं वरवरचं असेल तर मुळांभोवतालच्या पेशी वर येऊन जखम झाकतात. खोल भाजलं की मुळंही जातात, नसाही. पांढरट, चामड्यासारख्या झालेल्या त्या जागेला हात लावला तरी पेशंट हूं की चूं करत नाही. नातेवाईक म्हणतात, "दुखत नाही, म्हणजे बरंय." आम्हाला तिथेच धडकी भरते.

अशा ठिकाणी पेशंटच्याच मांडीवरून पातळ कातडी काढून लावतात. मुळं मागे राहतात, म्हणून मांडी दोनेक आठवड्यांत भरून येते. पण निम्म्याहून जास्त अंग भाजलेल्याची कातडी आणायची कुठून? तेव्हा मृत्यूनंतर दान केलेली त्वचा लागते. शरीर ती काही आठवड्यांनी नाकारतं, पण तेवढ्या काळात अंगातलं पाणी टिकतं, जंतुसंसर्ग आटोक्यात राहतो, वेदना कमी होतात. रक्तगट जुळवावा लागत नाही.

मुंबईत शीवच्या रुग्णालयात २००० पासून त्वचापेढी आहे, ऐरोलीच्या बर्न्स सेंटरमध्येही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्यांची माणसं घरी येऊन मांड्या-पाठीवरून पातळ थर काढतात. देह विद्रूप होत नाही.

डिसेंबरात येशील तेव्हा काका-काकूंशी हे बोल. नुसता फॉर्म भरून भागत नाही, घरच्यांना माहीत हवं. त्या वेळी पेढीला फोन त्यांनाच करायचा असतो.

तुझी,
शुभा