गांधीलमाशी नव्हे, मग कोण?

न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे कोरड्या, रेताड मातीचा एक पट्टा आहे. दिवसभर ऊन, त्यामुळे तिथे गवत धरत नाही. २०२० च्या जुलैअखेरीस त्या पट्ट्यात बोट जाईल एवढी भोकं दिसू लागली. प्रत्येक भोकापुढे उकरलेल्या मातीची रास आणि राशीच्या मधून गेलेली खोबण. तिसऱ्या दिवशी त्यातून ती बाहेर आली. जवळजवळ दीड इंच लांब, तांबूस डोकं, काळ्या पोटावर पिवळे पट्टे. मी लेकीला उचललं आणि दार लावून घेतलं.

ते दिवसच धास्तीचे होते. आधीच्या डिसेंबरात वॉशिंग्टन राज्यात आशियातली महाकाय गांधीलमाशी सापडली होती आणि मे महिन्यापासून बातम्यांत तिला ‘खुनी’ म्हणत होते. ते राज्य देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, हे ठाऊक असूनही माझी छाती धडधडत होती. काचेआडून फोटो काढले, चित्रांशी ताडून पाहिले. त्या माशीचं डोकं रुंद आणि नारिंगी, पट्टे सलग. हिचे पट्टे तुटक. पण भ्यालेल्या डोळ्यांना सगळ्याच पिवळ्या-काळ्या सारख्या दिसतात. दार उघडलं की दोन-तीन माश्या थेट तोंडासमोर येऊन थबकायच्या. मी फवारणीवाल्याला बोलावून टाकलं.

विमानं बंद झाल्याने आई तेव्हा आमच्याकडेच अडकली होती. दुपारी ती खिडकीतून म्हणाली, “अगं, इकडे ये, बघ.” एक माशी आपल्याहून जाडजूड किडा उताणा करून, पोटाशी धरून मातीवरून ओढत होती. भोकाशी पोचल्यावर किड्याचा एक पाय किंचित हलला. मेलेला नव्हता तो.

“ही गांधील नव्हे,” आई म्हणाली. “गांधील घोळक्याने पोळं राखते. ही एकटी आहे, आपल्या कुंभारणीसारखी. ती आळी नेते, ही हा किडा नेते.”

रंगावरून तीन दिवस जे उमगलं नव्हतं, ते या एका वाक्याने सुटलं. किडा होता सिकाडा, उन्हाळाभर झाडावरून किर्र करणारा. आणि माशीचं इथलं नावच ‘सिकाडा किलर’. तोंडासमोर थबकणारे सगळे नर. त्यांना नांगी नसते. मादीला असते, पण दाबली-पकडली नाही तर ती सहसा डसत नाही. नांगी मारून ती सिकाडाला लुळा करते, बिळात नेते, त्याच्यावर अंडं घालते. नराच्या अंड्याला बहुधा एक सिकाडा, मादीच्या अंड्याला दोन किंवा जास्त.

आईला कीटक-भृंगाचा दृष्टांत आठवला: कुंभारणीचा ध्यास घेता घेता आळीच कुंभारीण होते. मी तिला सांगितलं, दोन-तीन दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि त्या जिवंत सिकाडाला खाते. ती बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिली. “म्हणजे तो बदलत नाही,” ती म्हणाली, “संपतो.”

फवारणी रद्द केली. पट्ट्यात अनवाणी जायचं नाही, एवढाच नियम लेकीला घालून दिला. सप्टेंबरात माश्या दिसेनाशा झाल्या, आईही परतली. त्या पट्ट्यावर हिरवळ अंथरायचं ठरलं होतं, ते आम्ही सोडून दिलं. खाली कोष आहेत, आणि बाहेर यायला त्यांना उघडी माती लागणार.