जे आधी होईल ते

गियरचा विचार करावा लागू नये म्हणून मी ऑटोमॅटिक गाडी घेतली, आणि तेव्हापासून डोक्यात गियरबॉक्सच बसलाय. बँकेने म्हैसूरला बदली केली तेव्हा चाळिशी उलटली होती आणि ड्रायव्हिंगचं लायसन्स नवंकोरं होतं. तीन पेडल आणि दोन पाय हा हिशेब सांगलीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काही केल्या जुळला नव्हता. सरस्वतीपुरममधल्या एका निवृत्त प्राध्यापकांना आपली पेट्रोल सेडान विकायची होती. एकच मालक, सहा गियरची ऑटोमॅटिक, वय तेरा वर्षं आणि रनिंग फक्त 47,000 किलोमीटर.

“म्हैसूरची गाडी आहे, पळणार कुठे?” शेजारचे काका म्हणाले. काकांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं. मराठी बोलतात, पण वाक्याला शेपूट कानडीचं. “डोळे झाकून घ्या, पर्वागिल्ला, काही हरकत नाही.”

घेतली. पहिल्या सर्व्हिसिंगला एन. आर. मोहल्ल्यातल्या एका गॅरेजात नेली. तिथले भाई दख्खनी बोलतात, त्यामुळे माझी कानडीतली त्रेधा वाचते. त्यांनी बॉनेट उघडलं, रीडिंग बघितलं आणि विचारलं, “टायमिंग बेल्ट कब बदले थे मॅडम?”

मी प्राध्यापकांना फोन लावला. त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. इंजिन ऑईल दरवर्षी बदललेलं, सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या. बेल्टचा उल्लेख कुठेच नाही, गियरबॉक्सच्या तेलाचाही नाही.

मग मी चारचौघांना विचारायला लागले. शाखेतला सहकारी म्हणाला, “हल्ली बेल्ट नसतोच, चेन असते. विसरून जा.” पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, “एक लाखाला बदलायचा, अजून अर्धंही झालेलं नाही.” एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये टायवाल्या मुलाने सांगितलं की गियरबॉक्सचं तेल ‘लाइफटाइम’ आहे, हातच लावायचा नसतो. हे भाईंच्या कानावर घातलं, तर ते स्पॅनर पुसत म्हणाले, “लाइफटाइम किसकी? गाडी की, के गियरबॉक्स की?”

सगळेच आपापल्या गाडीपुरते बरोबर बोलत होते, हे कळायला मला बराच वेळ लागला. मारुती 800 ला टायमिंग बेल्ट होता, पण मारुतीच्याच नंतरच्या के-सीरिज इंजिनांना चेन आहे. जुन्या सँट्रोला बेल्ट. डिझेल स्विफ्टला चेन, डिझेल डस्टरला बेल्ट. कंपनीवरून, किमतीवरून किंवा बाहेरून बघून काही ओळखता येत नाही. इंजिनाचा प्रकार शोधायचा आणि त्याच इंजिनाची पुस्तिका उघडायची, हाच मार्ग. माझ्या गाडीला बेल्ट निघाला.

तो करतो काय, हे भाईंनी दुसऱ्या एका गाडीचं झाकण काढून दाखवलं. खाली क्रँकशाफ्ट. पिस्टन वर-खाली होतात ते त्याच्यावर. वर कॅमशाफ्ट. व्हॉल्व उघडतात-मिटतात ते त्याच्यामुळे. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, आणि हे प्रमाण राखणारा हा दातेरी रबरी पट्टा. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व एकाच जागेत आळीपाळीने येतात. पट्टा तुटला की कॅम थांबतो, क्रँक मात्र वेगात असतो, आणि वर येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्वला धडकतो. व्हॉल्व वाकतात, हेड उतरवावं लागतं, आणि बेल्ट बदलण्याच्या कितीतरी पट खर्च होतो. काही इंजिनांत मधे पुरेशी जागा असते. तिथे गाडी नुसती बंद पडते. आपली कुठली, हेही पुस्तिकेतच बघायचं.

असा पट्टा मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाडीत पहिल्यांदा आला तो 1962 मध्ये, जर्मनीतल्या ग्लास 1004 या छोट्या गाडीत. चेनपेक्षा स्वस्त, हलका आणि आवाज कमी. त्याला तेलही लागत नाही. बदल्यात एकच अट: तो ठरल्या वेळी बदलायचा. कंपन्यांचे आकडे साधारण साठ हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत जातात. पण बहुतेक आकड्यांपुढे वर्षंही लिहिलेली असतात, कुठे पाच, कुठे दहा. आणि शेवटी ती ओळ: जे आधी होईल ते.

मावसभावाने मला फक्त किलोमीटर सांगितले होते. पुण्यात तो रोज हिंजवडीला जातो-येतो. त्याच्या गाडीत किलोमीटरच आधी भरतात. म्हैसूरचं गणित उलटं आहे. माझं घर कुवेंपुनगरला, शाखा सय्याजीराव रस्त्यावर, म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं नाव मिरवणाऱ्या रस्त्यावर. वाटेत भाजी, दवाखाना, मुलीची शाळा, सगळं पाच किलोमीटरच्या आत. इथे ओडोमीटर रेंगाळतो आणि कॅलेंडर पुढे जातं. रबर मात्र उभ्या गाडीतही म्हातारं होत राहतं. उष्णतेने आणि हवेने कडक होत जातं. तेरा वर्षांचा पट्टा 47,000 किलोमीटरच चालला होता, याचं कौतुक त्या पट्ट्याला नव्हतं.

शिवाय कमी पळणं म्हणजे आरामात असणं नव्हे. कित्येक गाड्यांच्या पुस्तिकांत ‘कठीण वापर’ नावाचा वेगळा तक्ता असतो. मला वाटलं, त्यात वाळवंट आणि बर्फ असेल. त्यात धूळ, घाट आणि ओझं तर होतंच, पण आठ किलोमीटरपेक्षा लहान फेऱ्याही होत्या. इंजिन नीट तापायच्या आधीच बंद करायचं आणि दिवसातून चारदा तेच करायचं, हे माझं रोजचं ड्रायव्हिंग त्या तक्त्यात बसत होतं.

गियरबॉक्सचं कोडं याहून अवघड होतं, कारण ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली चार वेगळ्या जाती निघाल्या. 2014 च्या सेलेरिओपासून भारतात आलेली एएमटी म्हणजे मुळात साधाच गियरबॉक्स. क्लच दाबण्याचं आणि गियर टाकण्याचं काम तेवढं यंत्र करतं. सीव्हीटीत ठरावीक गियरच नसतात. ड्युअल क्लचमध्ये काही कोरडे, काही तेलात बुडालेले. माझी चौथी, टॉर्क कन्व्हर्टरची. इथे इंजिनाची ताकद तेलातूनच चाकांकडे जाते. तेच तेल गियर बदलणाऱ्या झडपा हलवतं, तेच क्लचच्या चकत्या थंड ठेवतं. प्रत्येक जातीचं तेल वेगळं आणि मुदत वेगळी. चुकीचं तेल घालण्यापेक्षा जुनं राहिलेलं परवडलं, असं भाईंचं मत.

‘लाइफटाइम’चा उलगडाही झाला. झेडएफ ही जर्मन कंपनी कितीतरी गाड्यांना ऑटोमॅटिक गियरबॉक्स पुरवते. तिचे गियरबॉक्स बसवलेल्या काही गाड्यांच्या कंपन्या तेल आयुष्यभराचं म्हणतात. पण खुद्द झेडएफचा सल्ला आहे की वापर बघून 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ते बदलावं. इथेही वर्षं आलीच.

किलोमीटर सगळे सारखे नसतात, हेही याच तेलामुळे कळलं. बंगळूर-म्हैसूर एक्स्प्रेसवे मार्च 2023 मध्ये खुला झाला. त्यावर एका वेगाने जाताना टॉर्क कन्व्हर्टर लॉक होतो, आतली घसरण थांबते आणि तेल थंड राहतं. देवराज मार्केटपाशी मात्र गाडी थांबत-सरकत जाते. तेल घुसळलं जातं, तापतं. बंडीपूर ओलांडून मसिनगुडीवरून उटीला चढताना छत्तीस वळणांचा घाट लागतो, तिथे ते आणखी तापतं. उष्णता हीच या तेलाची वैरीण. ओडोमीटरला मात्र तिन्ही रस्ते एकसारखे.

शेवटी दोन्ही कामं एकदमच काढली. बेल्ट एकटा आला नाही. टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप असं सगळं किट आलं, कारण माझ्या इंजिनात पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. पंप पुढच्या वर्षी गळला तर हीच सगळी उघडझाप पुन्हा, लेबरही पुन्हा. जुना पट्टा वरून काळाकुळकुळीत, धडधाकट दिसत होता. भाईंनी तो उलटा वाकवला, तर दातांच्या मुळाशी बारीक भेगा होत्या.

गियरबॉक्समधून निघालेलं तेल उकळून राहिलेल्या चहासारखं होतं. नट उघडल्यावर सगळं तेल येत नाही. बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. “फ्लशिंग मशीन लावू का?” या प्रश्नाला भाईंनीच उत्तर दिलं: इतक्या वर्षांच्या बॉक्सला जोराने धुवायचं नाही, आतला गाळ उठून झडपांत अडकतो. निघेल तेवढं काढायचं, तेवढंच घालायचं, काही महिन्यांनी पुन्हा तेच. पातळी मोजायला काडीच नव्हती. इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर तेलाचं तापमान चाळीस अंशांच्या आसपास आलं तेव्हा खालचं बूच उघडून जादाचं ओघळू दिलं. गाडी यात फार बदलली असं म्हणणार नाही; पहिल्या-दुसऱ्या गियरमधला झटका तेवढा गेला.

गाडीच्या कागदांना सगळ्या तारखा असतात. विमा दरवर्षी, पीयूसी ठरल्या दिवशी, पंधरा वर्षांनी आरटीओत फेरनोंदणी. त्यातलं काही चुकलं तर मेसेज येतो किंवा पोलीस अडवतो. टायमिंग बेल्टची विचारपूस कोणीच करत नाही. म्हणून त्याची तारीख मीच ठरवून टाकली. म्हैसूरला दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपल्या खंडेनवमीला, आयुधपूजेत गल्लीतली प्रत्येक गाडी धुतली जाते, हार घालते, चाकाखाली लिंबू चिरडते. त्याच्या आदल्या आठवड्यात माझी गाडी भाईंकडे असेल. बॉनेटखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांनी सवयीप्रमाणे फक्त किलोमीटर लिहिले होते. त्यांच्याकडून पेन घेऊन मी त्याच्या वर वर्ष लिहिलं.