पाऊस ऐकायला सांगू नका

सजगतेचा सराव शिकवणाऱ्या ॲपमध्ये पावसाचा आवाज हमखास सापडतो. डोळे मिटा, थेंब ऐका, मन निवेल. मुंबई-पुण्यात बंद खिडकीआड बसलेल्याला ते जमूनही जातं. महाड-पोलादपुरात जुलै महिन्यात हीच सूचना वर्गात दिली, तर समोरच्या बाकावर कुणाच्या मनात काय हलेल याचा भरवसा नाही. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळ्यावर दरड कोसळली, सावित्री आणि गांधारी नद्यांच्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. त्याआधी 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तो दोन एसटी गाड्या घेऊनच. तेव्हा प्राथमिक शाळेत असलेली मुलं आता महाविद्यालयात आहेत. पत्र्यावर रात्रभर वाजणारा पाऊस त्यांतल्या कित्येकांना झोप आणत नाही, जागं ठेवतो. या भागात सजगता शिकवायची तर पहिला धडा शिकवणाऱ्यानेच गिरवायला हवा: आलंबन बाहेरून आयतं आणू नये.

आलंबन म्हणजे लक्ष टेकवायची जागा. आनापानात, म्हणजे श्वास पाहण्याच्या ध्यानात, ती नाकपुडीच्या कडेला असते, आत-बाहेर करणारा श्वास जिथे लागतो तिथे. पालीतला ‘सती’ हा शब्द मुळात ‘स्मृती’च, लक्ष कुठे ठेवायचं होतं याची आठवण. दहा मिनिटांत ते कितीतरी वेळा निसटतं. राहिलेल्या एटीकेटीकडे जातं, फीच्या हप्त्याकडे जातं, गावाकडच्या शेवटच्या गाडीकडे तर जातंच जातं. निसटलं हे ओळखायचं आणि स्वतःवर न खेकसता परत आणायचं, एवढाच सराव. ‘माझं मनच लागत नाही’ अशी तक्रार करणाऱ्याला म्हणूनच सांगावं, बाबा रे, तुला कळलं ना, मग तुझं बरोबर चाललंय. मात्र काहींना श्वासाकडे पाहिलं की छातीत आवळून येतं. त्यांना श्वासावर रेटू नये. जमिनीला टेकलेले तळपाय चालतात, बाकाच्या कडेवरचा हात चालतो, उघडे डोळेही चालतात. मध्येच उठून जाण्याची मुभा आहे हे सुरुवातीलाच सांगावं, आणि दार लोटून घेऊ नये.

याने खरंच फरक पडतो का? पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो, आणि तो पुराच ऐकायला हवा. केंब्रिज विद्यापीठातल्या 616 विद्यार्थ्यांवरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे सराव केलेल्यांना परीक्षेच्या दिवसांत मानसिक त्रास कमी झाला. उलट ब्रिटनमधल्याच आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष 2022 मध्ये आले, तेव्हा वर्गात सर्वांना सरसकट शिकवलेल्या सजगतेचा नेहमीच्या शिकवणीपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही. पहिल्या ठिकाणी मुलं आपणहून नाव नोंदवून आली होती, दुसऱ्या ठिकाणी तो तास वेळापत्रकातच होता. वयाचा फरक आहेच, पण मला या दोन निकालांमधली फट तिथेही दिसते. हजेरी लावून किंवा श्रेयांकाचं आमिष दाखवून ध्यानाला बसवण्यात अर्थ नाही. पाच जण आले तर पाच.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. मुलाची शिष्यवृत्ती अडकलेली, वसतिगृहात जात काढली जाते, आणि तुम्ही त्याला श्वास बघायला सांगता? रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या आत्महत्यांनंतर हा प्रश्न टाळून कुणी सजगतेवर बोलू नये. चवदार तळ्याच्या गावात तर नाहीच नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी विचारलंच आहे, की भिक्खू घडवायचा तो स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून की समाजसेवक म्हणून, आणि नुसता परिपूर्ण माणूस त्यांच्या लेखी धम्मप्रसाराच्या कामाचा नव्हता. तेव्हा आक्षेप मान्यच. छळाची तक्रार समितीकडे जायला हवी, थकलेल्या शिष्यवृत्तीची कार्यालयात; ती ध्यानाच्या चटईखाली सरकवणं ही लबाडी आहे. फक्त तक्रार लिहायलाही आधी हात स्थिर लागतो. सरावाचा दावा तेवढाच ठेवावा, जास्त नको.

दुसरी गोष्ट महाडनेच शिकवलेली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करणारा बोले ठराव 1923 चा, चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा महाड नगरपालिकेचा ठराव 1924 चा. तरी 20 मार्च 1927 ला हजारो माणसं चालत जाऊन ओंजळभर पाणी प्यायली, तोवर तो ठराव कागदावरच होता. त्याच दिवशी मार खावा लागला, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि तळ्याच्या दाव्यात उच्च न्यायालयाचा निकाल यायला 17 मार्च 1937 उजाडला. आज विद्यार्थ्यांच्या मदतीचंही असंच कागदावर बरंच आहे. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 ला बजावलं. पण कार्यालयाशेजारी ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावली की त्या दारातून आत जाणारा सगळ्यांना दिसतो, आणि संध्याकाळपर्यंत वाडीत विचारणा होते, ‘काय रे, डोक्याचा काय त्रास?’ दहा मिनिटांच्या बैठकीचा खरा उपयोग मला इथे वाटतो. समुपदेशकाने त्याच खोलीत, त्याच चटईवर बसावं, आणि बैठक संपल्यावर लगेच उठू नये. ज्याला बोलायचं तो आपसूक मागे रेंगाळतो. त्याला वेगळं दार शोधावं लागत नाही.

बैठक दुपारी ठेवा, गाड्या सुटायच्या आत. आणि पोलादपूरच्या आतल्या गावात रात्री अडीचला पाऊस वाढतो तेव्हा समुपदेशक जवळ नसतो, म्हणून प्रत्येक वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक लिहून ठेवा: 14416. फोन फुकट लागतो, चोवीस तास, मराठीतही बोलतात. फळा पुसताना तेवढा कोपरा सोडा.